डावा खांब, उजवा खांब

बेरेझीव, सस्कॅचेवान
९ नोव्हेंबर

लाडक्या स्तेफा,

टण्… ठक्.

आज सकाळी चहा ओतताना हा आवाज कानात आला आणि मी किटली हातात धरून तसाच उभा राहिलो. मागच्या तळ्यावर कुणी नव्हतं. कोण असणार? तू सात वर्षांची होतीस तेव्हाचा तो आवाज. जुन्या पंपाचे नळ जोडून मी तुला गोल उभा करून दिला होता. डाव्या खांबाचा नळ पोकळ, म्हणून तो टण् करायचा. उजव्यात पाणी शिरून गोठलं होतं, त्याचा आवाज ठक्. मी म्हणालो होतो, “गोलकीपरला पाठीला डोळे नसतात. स्टिकनं आधी डावा खांब ठोक, मग उजवा, म्हणजे आपण कुठे उभे आहोत ते कळतं. मग एक श्वास थांब. कवितेच्या ओळीत मध्येच थांबतात ना, तसं.” तू नाक पुसत मान डोलावलीस. पुढे तिन्हीसांजा झाल्या, तू दिसेनाशी झालीस, तरी मला स्वयंपाकघरात बसून कळायचं की पोर अजून उभी आहे. टण्, ठक्, श्वास.

आणि आता तीच पोर बायकांच्या व्यावसायिक आइस हॉकी लीगमध्ये हॅलिफॅक्सच्या बीकन्स संघाची पहिली गोलकीपर! ऑर्विलनं आपल्या गावच्या बर्फाच्या रिंकवर, कॉफीच्या खिडकीजवळ, मोठा पडदा लावलाय. तुमच्याकडे संध्याकाळ असते तेव्हा इथे अजून ऊन असतं. अर्धं गाव जमतं. माझ्या डोळ्यांना ती काळी चकती, तो पक, काही दिसत नाही, म्हणून मी डोळे मिटून ऐकतो. “मास्तर, झोपलात काय?” ऑर्विल विचारतो. “तुझी बडबड ऐकण्यापेक्षा तेच बरं,” मी म्हणतो. तुझे खांब मात्र मला बरोबर ऐकू येतात.

शनिवारी तुझ्या मास्कवर पक आदळला तेव्हा सगळे ओरडले. ऑर्विल म्हणाला, मास्क त्यासाठीच असतो. असेल. तरी कशी आहेस ते लिही.

फोन करू नकोस. फोनवर आपण आजोबा-नात दोघंही बावळट होतो. मी विचारतो जेवलीस का, तू म्हणतेस हो, संपलं. पत्रच बरं. आणि आपला जुना नियम लक्षात आहे ना? चौथीच्या पुस्तकातल्या कवितेची वरची ओळ माझी, खालची तुझी:

बर्फावरती पाय ठेवता बर्फाला तू विचार,

तुझा दीदो


डार्टमथ, हॅलिफॅक्स
२१ नोव्हेंबर

दीदो,

घाईत आहे, विमानतळाची बस खाली उभी आहे. एक, मी जेवते. दोन, मास्क खरंच त्यासाठीच असतो. ऑर्विलकाकांना माझ्याकडून एक कॉफी पाजा, स्वतःच्या खिशातून.

तीन, मायलिस. तुम्ही मागे फोनवर विचारलं होतंत की घरात सोबत कोण असतं. ही असते. मायलिस कॉर्मिए, आमची दुसरी गोलकीपर, न्यू ब्रन्सविकच्या किनाऱ्यावरची, घरी फ्रेंच बोलणारी. माझ्याहून दहा वर्षांनी मोठी आणि दाराच्या चौकटीएवढी उंच. सामन्याआधी डबा उघडून सार्डिन मासे बोटांनी खाते आणि वर उरलेलं तेल पिते! अख्खी खोली बंदरासारखी वास मारते. मुली नाक धरून पळतात आणि ही गुणगुणत बसते. राखीव गोलकीपरचं काम काय, तर सामनाभर बाकाजवळचं फाटक उघडायचं, मिटायचं. “तू अडव गं, मी दार सांभाळते,” म्हणते. गोड आहे. पण खरं सांगू? मला तिचीच भीती वाटते. गोलसमोरची ती निळी रंगवलेली जागा एकदा दुसरीला दिली की परत मिळत नाही. मला तरी कशी मिळाली? आधीच्या मुलीचा गुडघा दुखला, ती म्हणाली दोन सामने विश्रांती घेते. आज ती एका शाळेत मुलांना दोरीच्या उड्या शिकवते.

चार, एक गंमत. हंगाम सुरू व्हायच्या आधी आमच्या डोक्याची परीक्षा होते. पाच शब्द सांगतात, मग दुसरंच काहीतरी करायला लावतात, मग विचारतात, कोणते शब्द होते? पुढे कधी डोक्याला मार लागला तर पुन्हा तीच परीक्षा. आधीपेक्षा कमी मार्क पडले तर खेळायला बंदी. म्हणून आम्ही निम्म्याजणी आधीच मुद्दाम चुका करून ठेवतो! म्हणजे नंतर डोकं भणाणलेलं असलं तरी पास. पाचातले मला पाचही येत होते, मी तीनच सांगितले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “सावकाश, बाळ.” मास्तरांची नात, मुद्दाम नापास! ओठ चावून हसू दाबलं.

बस हॉर्न मारतेय.

किती खोल तू, किती जाड तू, सोसशील का भार?

स्तेफा


बेरेझीव
१५ डिसेंबर

लाडक्या स्तेफा,

सगळं आयुष्य शाळेत गेलं. जास्त मार्कांसाठी कॉपी करणारे ढिगानं पाहिले. मार्क कमी पडावेत म्हणून लबाडी करणारी तू पहिलीच. मी ऑर्विलला सांगायला गेलो आणि मध्येच गप्प बसलो. सांगताना गंमत वाटेना. ती परीक्षा पास होण्यासाठी नसते गं. ती तुझ्या डोक्याची उंची भिंतीवर रेघ मारून ठेवण्यासारखी असते. रेघच खोटी मारली, तर उद्या कुणाला काय कळणार?

बघ, लगेच मास्तर झालो. राहू दे. तुम्ही जिंकताय, गावात तुझंच नाव आहे. डाकघरातली बाई मला तिकिटं देताना विचारते, “आपली पोर कशी आहे?” तू आता सगळ्यांचीच पोर झालीस.

नाताळासाठी खसखशीचा रोल पाठवतोय. तुझ्या आजीच्या हातची सर नाही, खालून जरा करपलाय. तू आणि मायलिस दोघी मिळून खा. त्या बाईची भीती बाळगू नकोस असं मी म्हणणार नाही, भीती सांगून जात नाही. पण जी माणसं गुणगुणत दार सांभाळतात त्यांच्याबद्दल माझं मत बरं आहे.

थंडी अशी पडलीय की तळ्याचा बर्फ दुपारी मोठ्यानं तडकतो, जणू कुणी पलीकडच्या काठावरून हाक मारतंय. उन्हात निळा दिसतो. म्हणून पुढची ओळ:

निळसर हसरा बर्फ दिसे तर पुढे खुशाल निघावे,

आता तुझी.

दीदो


डार्टमथ
१२ जानेवारी

प्रिय दीदो,

आज तुम्हाला खरंखुरं, लांबलचक पत्र लिहायचं ठरवलंय. बाहेर उन्हानं बर्फ लखलखतोय, पण मी पडदे ओढून बसलेय. एक फट ठेवलीय, तिच्यातून जेवढा उजेड येतो तेवढ्यावर पेन्सिलीनं लिहितेय. पेनाची शाई कागदावर चमकते. पेन्सिल कशी मवाळ असते. हे तुम्हीच आम्हाला सांगायचात ना, की पेन्सिल कागदाशी हळू बोलते?

फोन ड्रॉवरमध्ये टाकून ठेवलाय. हरलो की लोक त्यावर काय काय लिहितात, आणि तो पडदा सारखा चमकत असतो. मुली जेवायला बाहेर गेल्या, मी गेले नाही. तिथे ताटं वाजतात, सगळ्या एकदम बोलतात. त्यापेक्षा इथे बरं वाटतं. बंदरावरचा भोंगा वाजतो तो थेट उशीत शिरल्यासारखा वाटतो. कधी कधी मी डोळे मिटून आपलं तळं आठवते. अख्खं नाही आठवत, तुकडे आठवतात. काठावरची लव्हाळी. तुमची लाल टोपी. आजी दारातून हाक मारायची ती, पण शब्द नाही आठवत, नुसता सूर.

खसखशीचा रोल मिळाला. छान होता.

अरे हो, एक सांगायचं राहिलंच! इथे माझ्याबरोबर मायलिस नावाची मुलगी राहते, आमची दुसरी गोलकीपर. दाराच्या चौकटीएवढी उंच. आणि माहितेय, सामन्याआधी डब्यातले सार्डिन मासे बोटांनी खाते आणि वर तेल पिते! तुम्ही पाहाल तर पोट धरून हसाल.

आणि ही माझी ओळ, विसरलेले नाही:

करडा होउन गप्प बसे तर पुढे खुशाल निघावे.

तुमची स्तेफा


बेरेझीव
२४ जानेवारी

लाडक्या स्तेफा,

काय पत्र लिहिलंस! किती वर्षांनी माणसानं माणसाला लिहावं तसं. मी ते ऑर्विलला वाचून दाखवलं, डाकघरातल्या बाईला दाखवलं. पेन्सिल कागदाशी हळू बोलते, हे मी कधी म्हणालो होतो ते मला आठवत नाही, पण तू म्हणतेस तर म्हणालो असेन. मला वाटलं, समुद्रानं माझ्या नातीला कवी केलं. तुझी आजी अशीच पडदे ओढून बसायची आणि म्हणायची, मला आत बघायचंय, बाहेरचं पुरे झालं.

सार्डिनचा डबा तू दुसऱ्यांदा उघडलास. काही हरकत नाही, मीही एकच गोष्ट चारदा सांगतो, पण मी म्हातारा आहे. आणि कवितेची शेवटची ओळ फिरवलीस तो विनोद आधी कळलाच नाही. करडा बर्फ गप्प बसला तरी पुढे खुशाल! चांगला चावटपणा आहे.

चावटपणाच ना?

शनिवारी मॉन्ट्रियलशी सामना होता. मी नेहमीसारखे डोळे मिटले. टण्. मग काहीच नाही. मग पुन्हा टण्, पुन्हा टण्. अंधाऱ्या खोलीत दिव्याचं बटण चाचपावं तसं. ऑर्विल म्हणाला, “कोचनं नवीन पद्धत शिकवली असेल, मास्तर.” मी म्हटलं, असेल.

पाकीट चिकटवायला घेतलं आणि तुझं पत्र शेवटचं एकदा पुन्हा वाचलं. पडदे. शाई चमकते. फोन ड्रॉवरमध्ये. ताटांचा आवाज नको. तळं तुकड्यातुकड्यांनी आठवतं. मायलिसची गोष्ट नव्यानं. आणि मी शहाणा याला कविता समजलो! गावभर वाचून दाखवली!

स्तेफा, डोक्याला लागलंय का तुझ्या? खरं लिही. एका ओळीत लिही.

दीदो


डार्टमथ
४ फेब्रुवारी

दीदो,

हो.

नाताळानंतरच्या सरावात. आमच्याच एका मुलीचा पाय घसरला, तिचा गुडघा माझ्या मास्कच्या बाजूला बसला. कुणाचं लक्ष नव्हतं. मी उठले, पाणी प्यायले, खेळले. उजवीकडचं सगळं जरा उशिरा दिसतं. खांब कुठे आहे ते पुन्हा पुन्हा बघावं लागतं. तुम्हाला ते ऐकू जाईल असं वाटलं नव्हतं. एवढ्या हजारो लोकांत कुणाला नाही कळलं.

मग मी डॉक्टरीणबाईंना हसून म्हणाले की जरा डोकं जड आहे, सर्दी असेल. त्यांनी खबरदारी म्हणून ती परीक्षा घेतली. पाच शब्द. मी तीन सांगितले. त्यांनी जुना कागद पाहिला, तिथेही तीन. म्हणाल्या, जा, खेळ.

दीदो, या वेळी मी मुद्दाम नाही केलं. मला तीनच येत होते.

आता तुम्ही घाबरणार, म्हणून आधीच सांगते. हे सगळ्यांना होतं. जातं. प्लेऑफचे, शेवटचे बाद सामने संपेपर्यंत मला रेटायचंय, मग उन्हाळाभर झोपेन. आता एक दिवस जरी बसले तरी मायलिस आत जाईल आणि ती चांगली खेळते, दीदो, फार चांगली खेळते, म्हणूनच. मी चौदाव्या वर्षी घर सोडलं ते या निळ्या जागेसाठी. दुसरं मला काही येत नाही.

आईला सांगितलंत, कोचला फोन केलात, कुणालाही एक अक्षर कळवलंत, तर हे माझं शेवटचं पत्र. खरंच सांगते.

स्तेफा


बेरेझीव
१४ फेब्रुवारी

श्रीमती मायलिस कॉर्मिए यांस,

आपली ओळख नाही. मी स्तेफा वोरोबेत्सचा दीदो, म्हणजे आजोबा. गावच्या शाळेत मास्तर होतो. पत्ता तोच असल्यामुळे आणि पाकिटावर तुमचं नाव असल्यामुळे हे पत्र तुमच्याच हाती पडेल अशी आशा आहे. मला फ्रेंच येत नाही, माफ करा.

गेला आठवडाभर मी फोन उचलून खाली ठेवतोय. कोचचा नंबर मिळवला, तो फाडला. सुनेला, स्तेफाच्या आईला, सांगावं म्हणून तिच्या दारापर्यंत गेलो, अंड्यांचा भाव विचारून परत आलो. स्तेफानं मला बजावलंय की कुणाला कळवलं तर ती पुन्हा लिहिणार नाही. ती शब्दाची पक्की आहे. हा हट्ट तिनं माझ्याकडूनच उचलला.

तरी तुम्हालाच लिहितोय. का, ते सांगतो. तिला या जगात सगळ्यांत जास्त भीती तुमची वाटते. तुम्ही वाईट आहात म्हणून नव्हे, चांगलं खेळता म्हणून. आणि मला तिच्या पत्रातून एवढंच कळलंय की बाकाजवळचं फाटक तुम्ही सांभाळता. कोण आत जातं, कोण बाहेर येतं, हे तुम्ही रोज बघता. म्हणून वाटलं, हे बघणंही तुम्हाला जमेल.

तिच्या मेंदूला हादरा बसलाय. नाताळापासून. शरद ऋतूतल्या परीक्षेत तिनं जाणूनबुजून कमी मार्क घेतले होते, म्हणून आता तो कागद तिला निरोगी म्हणतो. तुमच्या लोकांत हे कसं करतात ते तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक असेल. कदाचित तुम्हीही केलं असेल. मी विचारत नाही.

एकच करा. चहाला बसाल तेव्हा तिला पाच शब्द सांगा, साधे, घरातले. मग चहा होऊ द्या. मग विचारा. पुढे काय करायचं ते तुम्हीच ठरवा. तिची जागा तुम्हाला मिळेल, हे मला कळतं. मी ती तुम्हाला देतोय असं तिला वाटेल, हेही कळतं.

ती माझ्यावर जन्मभर रागावली तरी चालेल. रागवायला डोकं शाबूत लागतं. तेवढं राहू दे.

आपला,
ओस्ताप वोरोबेत्स


(पोस्टकार्डावरचं चित्र: लाल पांढरा दीपस्तंभ)
डार्टमथ, १ मार्च

दीदो,

तिनं चहाच्या टेबलावर मला पाच शब्द सांगितले. बशी, मोजा, मीठ, आणि पुढचे नाही आठवत. तिनं माझा मास्क स्वतःच्या पिशवीत घातला आणि लहान पोरीसारखं मनगट धरून मला डॉक्टरांकडे नेलं.

आता लीगच्या यादीत माझ्या नावापुढे लिहिलंय: ‘इजा, शरीराचा वरचा भाग, परतण्याची तारीख नाही.’ इथे असंच लिहितात, कुणाला नक्की कळू नये म्हणून. तिच्या नावापुढे लिहिलंय: पहिली गोलकीपर.

अभिनंदन, मास्तर. माझी जागा तुम्ही टपालानं पाठवलीत.

उत्तर लिहू नका.


बेरेझीव
२० एप्रिल

स्तेफा,

मार्चातली माझी पत्रं तू उघडलीस की नाही, ठाऊक नाही. हेही उघडू नकोस हवं तर. मी लिहितो, कारण दुपारी टेबलाशी बसलो की हात आपोआप पेनाकडे जातो. तुझी आई म्हणते, “बरी आहे, झोपते, जास्त बोलत नाही.” एवढंच. ‘बरी आहे’ हे शब्द मी किती वेळा उलटसुलट करून पाहिले असतील! शाळेत मी मुलांना सांगायचो, साध्या शब्दांवर विश्वास ठेवा. आता मलाच जमत नाही.

ऑर्विलकडे मी जात नव्हतो. लोक विचारतात, आपली पोर कशी आहे, आणि मला यादीतलं उत्तर द्यावं लागतं, शरीराचा वरचा भाग. डोकं तिथेच येतं म्हणा. काल मात्र ऑर्विल स्वतः गाडी घेऊन आला. “मास्तर, चला. उपांत्य सामना आहे. डोळे मिटून बसा, पण बसा.” गेलो.

मायलिस गोलमध्ये होती. ऑर्विल म्हणाला, ही खांब कधीच ठोकत नाही, नुसती गुणगुणत उभी राहते, डोकं हलवत. मी डोळे मिटले. शिट्टी झाली. आणि मग

टण्.

ठक्.

आणि श्वासभर काहीच नाही.

मी डोळे उघडले. दुसरी शिट्टी झाली, पुन्हा तेच. प्रत्येक वेळी डावा, उजवा, थांबणं. पोकळ नळ आणि गोठलेला नळ तिथे कुठून असणार, दोन्ही खांब सारखेच, तरी मला तो फरक ऐकू आला. म्हाताऱ्याचे कान हवं ते ऐकतात.

हे तिला कुणी शिकवलं? तू शिकवलंस? की तिनं नुसतं तुझं पाहून उचललं, जशी तुझी जागा उचलली? की मला चिडवायला? मी रात्रभर हाच विचार केला नाही असं म्हणणार नाही. तुम्ही जादा वेळेत एका गोलनं हरलात. मायलिस गुडघ्यांवर बसून राहिली तेव्हा बाकावरून सगळ्याजणी तिच्याकडे धावल्या. ऑर्विल म्हणाला, त्यांच्यामागून काळा चष्मा लावलेली एक मुलगी साध्या कपड्यांत हळूहळू चालत गेली. मला दिसलं नाही. तू होतीस का?

एवढंच सांग. नाही सांगितलंस तरी ठीक आहे.

दीदो


बेरेझीव
११ मे

स्तेफा,

तळ्याचा बर्फ करडा झालाय. कडेनं पाणी सुटलंय. हंसांचे थवे उतरायला लागलेत आणि दिवसभर भांडतात. कोठाराच्या मागून मी आपला जुना गोल ओढून बाहेर काढला. ऑर्विल ओरडला, “कंबर मोडून घेणार आहात का?” डावा नळ अजून पोकळच आहे. उजव्यातला बर्फ वितळून गेलाय, आता दोन्ही खांब टण् करतात. ऐकून कसंनुसं झालं.

मी केलं ते बरोबर केलं का, हे मी तुला विचारणार नाही. रोज सकाळी उठल्यावर मला दोन पोरी दिसतात. एक निळ्या जागेत उभी, माझ्याशी बोलणारी, आणि उजवीकडून येणारा पक तिला दिसत नाही. दुसरी अंधाऱ्या खोलीत, माझ्याशी न बोलणारी. मी रोज दुसरी निवडतो. आणि रोज डाकघरात जाऊन विचारतो, काही आहे का. बाई आता मी दारात शिरायच्या आधीच मान हलवते.

हे लिहितालिहिता बाहेर एक गाडी येऊन थांबलीय. इथली नाही. चिखलानं एवढी माखलीय की रंग कळत नाही. ऑर्विलची नाही, तुझ्या आईची नाही. आज कुणी यायचं नव्हतं.

कुणीतरी उतरलं. पायऱ्यांवर पावलं वाजताहेत, जड.

दाराच्या चौकटीवर टकटक झाली, डाव्या बाजूला. मग उजव्या. मग थांबली.

मी अजून लिहितोच आहे. तू असशील असं वाटलं, पण काचेवरची सावली तुझी नाही. ती चौकटीएवढी उंच आहे.

ओरडतेय. मोडक्यातोडक्या उच्चारात, पण कोंबडीसुद्धा बिचकावी इतक्या मोठ्यानं. आयुष्यभर मुलांना शुद्धलेखन घातलं, आज मीच लिहून घेतोय:

“मास्तर! ओ मास्तर! घरात आहात ना? मी मायलिस. मला पत्रं लिहिता येत नाहीत, म्हणून उत्तर गाडीत घालून आणलंय. विमानाचा आवाज तिला सोसला नसता. आख्खा देश ओलांडून आलो, रोज थोडं थोडं, मध्ये मध्ये ती झोपायची. आधी पडदे ओढा, मग तिला आत आणते, ऊन लागतं तिला. आणि सांगा तिला, माझं काही ऐकत नाही ती, ती निळी जागा तिचीच आहे, मी नुसती उबवत बसलेय! दार उघडा हो, पोटात सार्डिनशिवाय काही नाही. आणि हां, तिनं वाटेत एक निरोप माझ्याकडून पाठ करून घेतलाय. अर्थबिर्थ मला विचारू नका, आधी हाच म्हणायचा अशी ताकीद आहे. ऐका:

‘करडा होउन गप्प बसे तर मागे परत फिरावे.’”